जेनोआ (पुढचं मोठं शीड) थोडा गुंडाळायचा, की निघतानाच छोटा जिब (पुढचं लहान शीड) चढवायचा?

गोव्यात सकाळी मतलई वाऱ्यावर मांडवीतून निघालात, झुवारीच्या बाजूला नांगर टाकून जेवण उरकलं. परतताना मांडवी-झुवारीच्या मधल्या काबोच्या टोकाशी वायव्येचा खारा वारा २० नॉटने थेट नाकावर. डोलकाठीच्याही मागे जाणारा १४० टक्क्यांचा जेनोआ आता झेपत नाही, बोट कलते, सुकाणू जड लागतं.

सोयीत फर्लरला, म्हणजे पुढचं शीड गुंडाळणाऱ्या यंत्राला, तोड नाही. पुढे डेकवर कुणाला जावं लागत नाही. शीट (शीड ओढून धरणारी दोरी) ढिली करा, जमलं तर बोट वाऱ्यापासून दूर वळवून जेनोआ मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) आडोशाला घ्या, आणि फर्लरची दोरी ओढा. विंचवर (दोरी ओढायच्या चरकावर) जोर काढावा लागला तर थांबा, वर काहीतरी अडकलंय.

बहुतेक जण इथेच हात झटकतात, आणि मग बोट वाऱ्यावर (समोरच्या वाऱ्याविरुद्ध) चढत नाही म्हणून जेनोआला शिव्या. शीड गुंडाळलं की त्याचा मागचा कोपरा पुढे आणि वर सरकतो. शीट मात्र जुन्याच जागेवरून ओढत राहते. खालची कड ताठ, वरचा भाग फडफडतोय. डेकवरच्या रुळावरची शीटची पुली पुढे घ्या. शिडाला लावलेले वरचे-खालचे लोकरीचे धागे एकाच वेळी नाचू लागले की जागा बरोबर. आम्ही शिडाच्या खालच्या कडेवर मार्करने दोन रेघा मारल्यात आणि रुळावर त्यांच्या जोडीच्या दोन चिकटपट्ट्या लावल्यात. पहिल्या रेघेपर्यंत गुंडाळलं की पुली पहिल्या पट्टीवर, डोकं चालवायची गरज नाही.

तरी शिडाला पोट (फुगवटा) उरतंच. पुढच्या कडेत फोम शिवलेला असेल तर कमी. बॅकस्टे (डोलकाठीला मागून ताणणारी तार) आणि हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) ताणून आणखी थोडं. एक तृतीयांशाहून जास्त गुंडाळलंत की मात्र शिडाची पिशवी होते.

छोटा जिब मुळातच सपाट, वाऱ्यावर चढायला तोच. पण फर्लरच्या खाचेतला जेनोआ उतरवायचा तर आधी पूर्ण उलगडावा लागतो, तोही त्याच वाऱ्यात! मी एकदा केलंय. अर्धं शीड पाण्यात, दोन नखं फुटली. शीड बदलायचं ते जेटीवरच.

दिवाडी बेटावर तयार झालेल्या नौदलाच्या तारिणी या शिडाच्या बोटीवर वादळासाठी वेगळं शीड असतं. २०१७-१८ ची तिची जगप्रदक्षिणा आठवत असेल. दुपारच्या फेरीला ती चैन नको.

मांडवीच्या मुखाशी असलेल्या आग्वादच्या बाहेरून मांडवीत परतायचं असेल तर वारा पाठीशी, जेनोआ गुंडाळून निवांत या, पोटाने काही बिघडत नाही. काबोला वळसा घालून यायचं असेल तर सकाळीच जिब चढवा. जाताना बोट रेंगाळेल, रेंगाळू द्या.