तारीखवाला कॅम्पिंग की बादलीवाला बेकर?

अमेरिकेत प्रलयावर पैसा उभा करणारे दोन ख्रिस्ती धर्मप्रचारक नमुने बघा. हॅरॉल्ड कॅम्पिंग मूळचे इंजिनिअर, ऑकलंडच्या फॅमिली रेडिओवरून थेट तारीखच सांगायचे, 21 मे 2011. तारीख दिली की लोक पेटतात, देणग्या येतात, देशभर होर्डिंग लागतात, न्यूयॉर्कच्या एका रिटायर्ड माणसाने तर सेव्हिंगमधले 1 लाख 40 हजार डॉलर जाहिरातींवर घातले. पण 22 मे उजाडतोच ना! मग म्हणाले ऑक्टोबर, तोही कोरडा गेला, 1994 ला पण हेच झालेलं, शेवटी 2012 मध्ये चुकलं म्हणून कबूल केलं. निदान या बाबाचा स्वतःचा तरी विश्वास असावा असं मला वाटतं.

जिम बेकर मात्र मुरलेला गडी. 1989 मध्ये फ्रॉडमध्ये दोषी ठरला, जेल भोगून आला आणि पुन्हा मिझुरीतून टीव्हीवर. हा तारखेच्या भानगडीत पडतच नाही, नुसतं वाईट दिवस येतायत म्हणायचं आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या जेवणाच्या बादल्या विकायच्या, खोटं पडायचा प्रश्नच नाही. 2020 ला कोरोनावर औषध असल्यासारखं चांदीचं सोल्यूशन (चांदीचे कण असलेलं पाणी) विकायला गेला तिथे फसला, मिझुरी सरकारने कोर्टात खेचलं, 2021 ला गिऱ्हाइकांना साधारण दीड लाख डॉलर परत द्यायचं मान्य करावं लागलं, बादल्यांचा धंदा मात्र चालूच राहिला.