एक्सेलची पॉवर क्वेरी : मोठ्या टेबलातून मोजकेच कॉलम आणायचे तर

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमधल्या ऐंशी-नव्वद कॉलमांच्या टेबलातले सहा-सातच कॉलम रिपोर्टला लागत असतील, तर पॉवर क्वेरी, म्हणजे बाहेरचा डेटा आणून गाळण्याची एक्सेलमधली सोय, पुरेशी आहे. एक्सेल 2016 पासून ती आतच मिळते. फक्त कॉलम सर्व्हरवरच गाळले जातायत की सगळं टेबल ओढून तुमच्या मशीनवर, हे तपासायचं काम तिने आपल्यावर सोडलंय.

डेटा टॅब, 'गेट डेटा', 'फ्रॉम डेटाबेस', मग एसक्यूएल सर्व्हर. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधली 'इन्क्लूड रिलेशनशिप कॉलम्स'ची टिक आधी काढा, नाहीतर जोडलेल्या टेबलांचे कॉलमही मागोमाग येतात. टेबल निवडल्यावर 'लोड' दाबायचं नाही. 'ट्रान्सफॉर्म डेटा'त जाऊन पहिल्याच स्टेपला 'चूज कॉलम्स' करा. त्या स्टेपवर राइट-क्लिक करून 'व्ह्यू नेटिव्ह क्वेरी' उघडा; सर्व्हरला पाठवली जाणारी एसक्यूएल आज्ञा तिथे दिसते. तिच्यातल्या 'सिलेक्ट'पुढे तेवढेच कॉलम दिसले की काम सर्व्हरवर होतंय. 'चूज कॉलम्स'आधी इंडेक्स कॉलम (ओळींना क्रमांक देणारा) जोडला किंवा टेबल डॉट बफर (अख्खं टेबल मेमरीत धरणारं फंक्शन) वापरलं, की पुढचं सगळं ओझं तुमच्या रॅमवर. 32-बिट एक्सेल असेल तर ते तिथेच मान टाकतं.

'रिमूव्ह कॉलम्स' टाळलेलं बरं. सोर्समध्ये उद्या नवा कॉलम आला तर तो गुपचूप आत शिरतो. 'चूज कॉलम्स'मध्ये तसं होत नाही, पण कॉलमचं नाव बदललं की रिफ्रेश अडतो. 'मिसिंगफील्ड डॉट यूजनल' लिहून एरर दाबता येते. दाबू नये. रिकामा कॉलम घेऊन पुढे गेलेला रिपोर्ट एररपेक्षा महागात पडतो.

वेगाबद्दल भलती आशा नको. साध्या टेबलात सर्व्हर 8 केबीची पानं वाचतो आणि त्यांत अख्ख्या ओळी असतात; म्हणजे बचत होते ती नेटवर्कची आणि मेमरीची. डिस्कवरचं वाचन कमी व्हायला त्या कॉलमांचा कव्हरिंग इंडेक्स, म्हणजे सर्व्हरवर फक्त तेवढेच कॉलम वेगळे मांडून ठेवलेली सूची, हवा, आणि तो डीबीएच्या (डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या) हातात.

शीटवर 10,48,576 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्यापुढे डेटा मॉडेलमध्ये, म्हणजे शीटबाहेरच्या एक्सेलच्या आतल्या साठ्यात, टाका. तिथे तारीख आणि वेळ एकत्र असलेला कॉलम फार जागा खातो, वेळ नको असेल तर क्वेरीतच त्याचा टाइप 'डेट' करा. सोळा आकडी खातेक्रमांक मात्र लोड करण्याआधी टेक्स्ट करायलाच हवेत, कारण एक्सेल पंधराच आकडे जपतं आणि शेवटच्या आकड्याचं शून्य होतं.