कंट्रोल रूमचं गॅस फिल्टर युनिट: मशीन चोख, सर्व्हिस यथातथाच

साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळणाऱ्यांसाठी लिहितोय. आमच्याकडे डबल सल्फिटेशन, म्हणजे गंधक जाळून तो वायू रसात सोडायचा. हवेत बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) भुगा कायमचाच, आणि वारा फिरला की ईटीपीकडून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाकडून, सडक्या अंड्यांचा वास. गळीत हंगाम संपेपर्यंत डीसीएसचं (कारखाना चालवणाऱ्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेचं) एखादं कार्ड जायचंच. काढून बघावं तर पिनांवर गॅसने चढलेलं काळं पुट. स्प्लिट एसीच्या जाळीत भुगा अडकतो, गॅस नाही.

म्हणून ऑफसीझनमध्ये हे युनिट बसवून घेतलं. कपाटाएवढं धूड. आधी धुळीचा फिल्टर, मग ॲक्टिव्हेटेड कार्बन, मग पोटॅशियम परमँगनेट मुरवलेल्या ॲल्युमिनाच्या जांभळ्या गोळ्या, शेवटी पुन्हा बारीक फिल्टर. गाळलेली हवा खोलीत सतत ढकलली जाते, त्यामुळे आतला दाब किंचित जास्त राहतो. दाराच्या फटीशी कागदाची पट्टी धरली तर ती बाहेरच्या बाजूला उडाली पाहिजे. आमची सुरुवातीला नुसतीच लोंबत होती. केबल ट्रेंचची भोकं सगळी उघडी! ती नीट बुजवल्यावर पट्टी फडफडायला लागली. हे काम विक्रेत्याच्या यादीतच नव्हतं.

फरक पडला का? हवा धातूला किती गंजवते ते मोजायच्या तांब्या-चांदीच्या कूपन पट्ट्या 30 दिवस टांगून लॅबला पाठवल्या. आयएसए 71.04 या मानकाप्रमाणे तेवढ्या दिवसांत तांब्यावर 300 आणि चांदीवर 200 अँगस्ट्रॉमपेक्षा (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) कमी गंजाचा थर चढला तर वर्ग जी1, म्हणजे सौम्य; आकडा वाढेल तशी हवा वाईट. युनिटच्या आधी आमची खोली जी3 होती. आता तांबं जी1 मध्ये, चांदी अजून जी2 मध्ये. खरेदी समितीत कुणी ‘एसी आहे की, मग हे कशाला?’ म्हणालं, तर युनिटच्या आधीची काळी ठिक्कर चांदीची पट्टी मी खिशातून काढतो.

तक्रार सर्व्हिसची. ‘गोळ्या वर्षभर जातात’ असं ठोकून दिलं होतं. भर हंगामात झाकण उघडलं तर हवा शिरते त्या बाजूच्या गोळ्या तपकिरी, म्हणजे संपलेल्या. फोन केला तर म्हणे, बदलायची तारीख अजून आलेली नाही!

युनिट घ्याच. पण ऑर्डरमध्ये दोन गोष्टी लिहून घ्या: गोळ्यांचा नमुना हंगामाच्या मध्यावर लॅबमध्ये तपासून द्यायचा, आणि कूपनची चाचणी विक्रेत्याच्या नव्हे, तुम्ही निवडलेल्या लॅबमध्ये होईल.