यात्रेतून आणलेला गोष्टींचा पेन ड्राइव्ह : पाचपैकी तीन, तेही आईमुळे

आधीच सांगते, हा रिव्ह्यू पेन ड्राइव्हचा आहे, देवाचा नाही, तेव्हा कोणी अंगावर येऊ नका.

फेब्रुवारीत दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडला कॅथलिकांच्या चर्चमध्ये बाळ येशूची यात्रा असते, वसई मुंबई गोवा कुठून कुठून गाड्या भरून लोक येतात, आम्ही शरणपूर रोडचे प्रोटेस्टंट पण जातोच, आईचं म्हणणं देव काही दोन नाहीत आणि गर्दीत चार ओळखीचे भेटतात. तर यंदा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, वाचायचं नाही असं सांगितलेलं, आणि ही बाई शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, वाचल्याशिवाय चहा पीत नाही. रस्त्याच्या कडेला एका टेबलावर माळा, मेणबत्त्या, फ्रेमा आणि त्यात हा पेन ड्राइव्ह. पाकिटावर लिहिलेलं '१०१ प्रेरणादायी ख्रिस्ती कथा, शुद्ध मराठीत'. चारशे सांगितले, तीनशेला दिला. सोबत बिल नाही, काही नाही. विकणाऱ्याचं किंवा बनवणाऱ्याचं नाव मी इथे टाकत नाहीये, पाकिटावरही धड नव्हतंच.

पहिल्यांदा तक्रारी उरकते. १६ जीबी म्हणून दिलेला, निघाला ८ चा. गोष्टी १०१ नाहीत, ९४ आहेत, त्यातल्या सहा तर दोनदोनदा आल्यात. फायलींना नावं नाहीत, नुसतं ट्रॅक १, ट्रॅक २, त्यामुळे आईला कालची गोष्ट परत लावून दे म्हटलं की मी ब्लूटूथ स्पीकरपुढे बसून पुढे मागे करत बसायचं. ३७ नंबरची मध्येच तुटते, एक माणूस दार उघडतो आणि संपलं, दारात कोण होतं ते देवालाच माहीत. बाकी आवाज स्वच्छ आहे, पुरुषाचा आवाज आहे तो चांगलाय, भारदस्त, बाईचा आवाज मात्र प्रत्येक वाक्यात रडायला आल्यासारखा.

आणि ती 'शुद्ध मराठी'! एका गोष्टीत 'त्याचे हृदय त्याच्या तोंडात आले' असं आहे, आई म्हणाली अगं मेला का तो. कुठूनतरी उचलून शब्दाला शब्द लावून उतरवलंय हे उघड आहे. वाईट ह्याचं वाटतं की लक्ष्मीबाई टिळक आपल्या इथल्याच, जलालपूरच्या, आणि त्यांची बोलती मराठी वाचून आख्ख्या महाराष्ट्राने कौतुक केलं, त्यांचे यजमान ना. वा. टिळक तर कीर्तन करून ख्रिस्ताची गोष्ट सांगायचे, आणि आमच्या पेन ड्राइव्हवर मागे पियानो आणि तोंडात हृदय.

आता मुद्द्याचं. आठवडाभर आईसोबत ऐकताना मला एक गोष्ट सारखी खटकायला लागली म्हणून मी किराण्याच्या वहीच्या मागे टिपायला लागले. ९४ पैकी ३१ गोष्टींत भिकारी आहे. एकतीस! आणि त्यातल्या १७ मध्ये तो शेवटी गायब होतो. ठरलेलंच. नाताळची रात्र, गुडघाभर बर्फ, चर्चच्या दाराशी फाटका म्हातारा, शेठजी आधी हिडीसफिडीस करतो, मग मन बदलतं, अंगातला कोट काढून देतो, चार पावलं जाऊन मागे बघतो तर म्हातारा नाही, बर्फात पावलांचे ठसेसुद्धा नाहीत, पियानो वाढतो, बाई रडते. (बर्फ कशाला पाहिजे हो? निफाडला पारा चार-पाचवर आला की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात, ती थंडी पुरेशी नाही का गोष्टीला?)

मला हे गोड वाटायचं लहानपणी. शब्बाथशाळेत (चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात) ऐकलेलं, अंगावर काटा यायचा. ह्यावेळी पाचव्यांदा गायब झाल्यावर आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "गायब झाला ते बरंय, उद्या परत आला असता तर काय केलं असतं ह्या शेठने?" आणि तिथेच माझं ऐकणं बदललं. कारण खरंच, ह्या गोष्टींतला भिकारी शेठची परीक्षा घ्यायला येतो, पेपर तपासला की निघून जातो. त्याला भूक नसते, बायकापोरं नसतात, नावही नसतं. ३१ मध्ये नाव असलेले भिकारी किती? दोन. आणि दोन्ही शास्त्रातले.

एक बार्तीमय, मार्क १० वा अध्याय, यरीहोच्या रस्त्यावरचा. शुभवर्तमानात (बायबलातली येशूची चार चरित्रं, मार्क, लूक, योहान त्यातलीच) बऱ्या झालेल्या माणसांची नावं सहसा नाहीत, आंधळा, पांगळा, कुष्ठरोगी एवढंच, पण ह्याचं नाव आहे आणि बापाचंही आहे. आणि हा काय गरीब बिचारा बसून नाहीये, ओरडतोय. लोक गप्प बस म्हणतायत तर अजून मोठ्याने ओरडतोय. येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं? आंधळ्याला विचारतोय बघा, तुला काय पाहिजे म्हणून. पेन ड्राइव्हवाल्यांनी नेमकं हेच उडवलंय! त्यांच्या गोष्टीत प्रभू लांबून बघतो, कळवळतो, डोळ्याला हात लावतो, बार्तीमय रडतो. ओरडणं पण नाही, गर्दीचं दटावणं पण नाही. मार्कमध्ये डोळ्याला हात लावल्याचं कुठेय? नाहीये. तुझ्या विश्वासाने तुला बरं केलंय, जा, एवढंच, आणि तो जातच नाही, मागोमाग चालायला लागतो.

बाय द वे, बार्तीमय आज आपल्या सिग्नलला बसून असा ओरडला असता तर त्याला उचलून नेता आलं असतं, आपल्याकडे १९५९ चा भीक मागण्याला प्रतिबंध करणारा कायदा आहे, विनावॉरंट पकडता येतं. दिल्लीत हायकोर्टाने २०१८ ला त्यातली गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, ती फक्त दिल्लीपुरती. म्हणजे गर्दीचं 'गप्प बस' आपण कायद्यातच लिहून ठेवलंय.

दुसरा नाववाला म्हणजे लाजर, लूक १६. (बेथानीचा लाजर नाही, तो वेगळा, कबरेतून उठवलेला. पेन ड्राइव्हवर दोघांची खिचडी झालीये, म्हणून सांगते.) ह्या दृष्टांतात, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेत, श्रीमंताला नाव नाही आणि भिकाऱ्याला आहे, इथेच सगळी गंमत. आणि चमत्कार? एकही नाही. लाजर दाराशी पडून राहतो, कुत्री त्याचे फोड चाटतात, मरतो. पुढे तो श्रीमंतही मरतो आणि यातनेत पडल्यावर मूळपुरुष अब्राहामाला म्हणतो लाजराला माझ्या भावांकडे पाठवा, मेलेला माणूस आला तर ते ऐकतील, आणि अब्राहाम म्हणतो मोशेचं आणि संदेष्ट्यांचं ऐकत नाहीत ते मेलेला उठून आला तरी ऐकणार नाहीत. म्हणजे भिकाऱ्याच्या गोष्टीतच शास्त्र सांगतंय की चमत्कार दाखवून माणूस सुधारत नाही! आता ट्रॅक ५२ मध्ये काय केलंय सांगू? श्रीमंताला वेळेवर पश्चात्ताप होतो, तो लाजराला घरात घेतो, लाजराचे फोड एका रात्रीत बरे होतात आणि गावात शाळा निघते. शाळा! आई उठून बसली. "बंद कर ते" म्हणाली, आणि मग आठवणीतून, डोळ्यावर हिरवी पट्टी असताना, आख्खा दृष्टांत मला म्हणून दाखवला. तीनशे रुपयांत हे मिळालं म्हणून एक स्टार.

योहान ९ चा जन्मांध पण आहे, ट्रॅक १४. हा मात्र चांगला केलाय, अर्धा का होईना. थुंकीचा चिखल, शिलोहाचं तळं, डोळे उघडणं, सगळं नीट. पण तळ्यावर संपवलंय, आणि खरी मजा तर त्याच्यानंतर आहे ना. शेजारी म्हणतात हा तोच ना, बसून भीक मागायचा तो? काहीजण म्हणतात नाही नाही, त्याच्यासारखा दिसतो. रोज बघत होते, पण तोंड कधी नीट पाहिलेलंच नाही कोणी! आईबाप घाबरून म्हणतात, तो मोठा आहे, त्यालाच विचारा. परूशी (त्या काळचे कडक धर्मपुढारी) उलटतपासणी घेतात तर हा पठ्ठ्या विचारतो, परत परत विचारताय, तुम्हालाही त्याचे शिष्य व्हायचंय की काय? शेवटी त्याला बाहेर हाकलतात. चमत्कार झाल्यावर त्याची कटकट संपली नाही, वाढली. हा भाग घातला असता तर मी पूर्ण पाच दिले असते, शपथ.

संतांच्या गोष्टींत मार्टिनची आहे, चौथ्या शतकातला रोमन शिपाई, आमियाँच्या वेशीपाशी भर थंडीत उघड्या भिकाऱ्याला स्वतःचा झगा तलवारीने मधोमध कापून अर्धा देतो, आणि रात्री स्वप्नात ख्रिस्त तोच अर्धा झगा पांघरलेला दिसतो. चॅपल हा शब्द ह्याच झग्याच्या लॅटिन नावावरून आला म्हणतात. ती गोष्ट मला आवडते कारण भिकारी गायब होत नाही, जे दिसायचं ते स्वप्नात दिसतं, आणि झगा अर्धाच दिलेला आहे, उरलेल्या अर्ध्यात मार्टिन विचित्र दिसतो म्हणून बघणारे काही लोक हसले असं त्याच्या जुन्या चरित्रात आहे. इथे ते हसणं कापलंय. कशाला कापायचं? दान करताना आपण बावळट दिसतो, हे तर सगळ्यात खरं आहे त्यातलं.

साठाव्या ट्रॅकपासून पुढे गोष्टी संपतात आणि 'साक्षी' सुरू होतात, डॉक्टरांनी हात टेकले, एका प्रार्थनेत गाठ विरघळली, औषधं फेकून दिली, आणि शेवटी अर्पण पाठवायला मोबाइल नंबर. हे मला अजिबात पटलं नाही. साक्ष आम्हीही देतो चर्चमध्ये, देवाने सांभाळलं म्हणतो, पण औषधं फेका म्हणणं म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी खेळ आहे, आणि चमत्काराचा दावा करून लोकांना फसवून पैसे उकळणं आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्यात गुन्हा आहे. फ्रान्समधल्या लूर्दला बघा, आजारी लोक बरं व्हायला जातात ते तीर्थ, तिथे डॉक्टरांचं वेगळं ऑफिस आहे, जुने रिपोर्ट, नवे रिपोर्ट, वर्षानुवर्षं तपासतात, सात हजारांच्या आसपास लोकांनी बरं झाल्याचं कळवलं आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले सत्तरच्या घरात, १८५८ पासून आजपर्यंत! आणि आमच्या पेन ड्राइव्हवर एका दुपारी अकरा. मी ते ट्रॅक डिलीट केले, आईला सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही.

तर घ्यावा का? वाचता न येणारं कोणी घरात असेल, शास्त्र तोंडपाठ असेल आणि भांडायची आवड असेल तर जरूर घ्या, आमचे पंधरा दिवस मजेत गेले. लहान मुलांना एकट्याला लावून देऊ नका, त्यांना ट्रॅक ५२ खरा वाटेल. पैसे देण्याआधी तिथेच फोनला लावून बघा, मी नाही बघितला. आणि सरळ शास्त्रच ऐकायचं असेल तर मराठी ऑडिओ बायबल मोबाइलवर फुकट मिळतं, हे मला नंतर भाच्याने सांगितलं, तीनशे गेल्यावर.

पट्टी निघाल्यावरच्या पहिल्या रविवारी आई चर्चला आली. आमच्या गेटपाशी एक बाबा बसतात, खूप वर्षं झाली, ते कधी गायब झालेले नाहीत, उलट नाताळात सगळे ब्लँकेटच आणून देतात म्हणून कुरकुर करत असतात, पाच ब्लँकेटं झाली ताई, पावसाळ्यात एक जण छत्री देत नाही. आई काळा चष्मा लावून त्यांच्याशी बोलत उभी, मी गाडी लावून येईपर्यंत तिने त्यांना बर्फाची, शेठची, ठसे न उमटलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगून टाकलेली.

बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "गायब झाला ते झालं, कोट घेऊन गेला की टाकून गेला?"

आई म्हणाली, घेऊन गेला.

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले.