एमएम ५४० की पहिली सीआरडीई थार?

नव्या थारची किंमत ऐकून जे जुन्या बाजाराकडे वळतात, त्यांच्यासमोर शेवटी बहुधा दोनच नावं उरतात: महिंद्राची जुनी जीप एमएम ५४०, नाहीतर २०१० साली आलेली पहिली सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिनाची, थार. माझ्याकडे आधी ५४० होती, नंतर थार आली. दोन्ही मुळशी-ताम्हिणीच्या पट्ट्यात, भर पावसाळ्यातसुद्धा कामाला वापरल्या. लांबी-रुंदी, टाकी, सीटा तुम्हाला माहीत असतीलच, त्यात वेळ घालवत नाही.

५४० मध्ये प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन. ताकद ६२ हॉर्सपॉवर, त्यामुळे घाट चढताना मागे रांग लागते. पण सुरू करताना हीटर प्लग आणि सेल्फपुरती बॅटरी, मग डिझेल आणि हवा, याखेरीज ते काही मागत नाही. बंद पडलं तर कारण हाताला लागतं. लाइनमध्ये हवा शिरली असेल तर फिल्टरजवळचा हातपंप मारायचा, एअरचा बोल्ट सैल करायचा, फेसाळ डिझेल येतं ते वाहू द्यायचं, बुडबुडे थांबून सलग धार लागली की बोल्ट आवळून सेल्फ मारायचा. एक पाना आणि एक फडकं, झालं काम. पौडपासून माणगावपर्यंत ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कुणीही मिस्त्री हे डोळे मिटून करतो.

दगडांतही ५४० सरस आहे, असं माझं मत. पुढे-मागे कमान पाटे आणि सलग अ‍ॅक्सल, त्यामुळे एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं. थारला पुढे टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं हलतं, त्यामुळे तिचं चाक लवकर अधांतरी होतं. २०१५ च्या बदलानंतर सीआरडीईला मागे आपोआप लॉक होणारा डिफरन्शियल आला, म्हणजे एक चाक नुसतं फिरू लागलं तरी जोर दुसऱ्याला मिळतो, त्याने ही उणीव बरीचशी भरून निघते. जमत असेल तर २०१५ नंतरचीच बघा.

थारची बाजू रस्त्यावर दिसते. १०५ हॉर्सपॉवर, पॉवर स्टिअरिंग, घाटात ट्रकच्या मागे अडकून राहावं लागत नाही. लोक घाबरतात ते कॉमन रेलला आणि ती भीती अगदीच खोटी नाही. इंजेक्टर महाग आहेत, घाण डिझेल त्यांना चालत नाही, आणि डॅशबोर्डवर दिवा लागून ताकद उतरली तर स्कॅनरवाला शोधावा लागतो. मी कॅनमधलं डिझेल कधी टाकीत जाऊ दिलं नाही, फिल्टर वेळेआधी बदलला, फिल्टरच्या तळाशी साचणारं पाणी नियमाने काढलं. एवढ्यावर माझं इंजिन नीट चाललं. दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

माझं पारडं मात्र ब्रेकने फिरवलं. माझ्या ५४० ला चारही चाकांना ड्रम होते. ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी जातं आणि ड्रमला आतून घासणाऱ्या शूच्या लायनरवर त्याचा पातळ थर राहतो. तो चारही चाकांत एकाच वेळी सुकत नाही. शिवाय ड्रमच्या रचनेत चाकाच्या फिरण्यानेच एक शू आणखी आत ओढला जातो, त्यामुळे एक बाजू किंचित आधी पकडायला लागली तरी फरक मोठा होऊन हाताला जाणवतो. पहिल्यांदा पेडल दाबलं तर गाडी नुसती घरंगळते, दुसऱ्यांदा दाबलं की स्टिअरिंग एकदम एका बाजूला. यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: पाण्यातून बाहेर आलं की थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायची, म्हणजे ड्रम तापून सुकतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये ताम्हिणीत रस्त्यावरूनच पाणी वाहतं. सुकवले की पुढच्या वळणावर पुन्हा ओले. उतार, समोरून येणारी एसटी, एका बाजूला दरी, आणि पाय दाबताना गाडी कुठे ओढणार हे माहीत नाही! मला याची सवय कधीच झाली नाही.

त्यात भातखाचरांचा गाळ. ड्रममध्ये शिरला की तो आपणहून निघत नाही. लायनर खातो, ड्रमला चरे पाडतो. मी लायनर बदलले, ड्रम लेथवर घेतले, व्हील सिलेंडर नवे घातले, शूची अ‍ॅडजस्टमेंट हातची झाली. कोरड्या दिवसांत गाडी सरळ रेषेत थांबायची, आणि पाऊस सुरू झाला की पुन्हा तेच. यात दोष कुणाचा नाही, ड्रमची जातच तशी. थारला मागे ड्रमच असले तरी पुढे डिस्क आहेत. उघड्या डिस्कवरचं पाणी फिरताना उडून जातं, उरलेलं पॅड पुसून टाकतो. पहिल्या पावसात ओढा ओलांडून घाट उतरलो तेव्हाच माझ्यापुरता प्रश्न मिटला होता.

कागदांचंही बघा. महाराष्ट्रात दिल्लीसारखी दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी नाही, पण पंधरा वर्षांनी फिटनेस, पर्यावरण कर आणि पुनर्नोंदणी आहेच. पुनर्नोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना ती १०,००० केली गेली. बहुतेक सगळ्या ५४० आता या दुसऱ्या गटात मोडतात. त्याहून अवघड म्हणजे अनेक ५४० मध्ये इंजिन कधीचंच बदललेलं असतं आणि आरसीवर त्याची नोंद नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशी नोंद लागतेच. इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडून पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

शेतावर, दगडधोंड्यांत, कमी वेगात वापरणार असाल आणि मिस्त्री जवळ असेल, तर ५४० घ्यायला मी कुणाला अडवणार नाही. तिच्यावर माझा आजही जीव आहे. पण पावसात घाट उतरायचा असेल आणि मागे घरची माणसं बसणार असतील, तर मी थार म्हणेन.

थार बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना, आणि आधी सुरू करून ठेवू नका असं मालकाला सांगा. मॅट उचलून फ्लोअरचे कोपरे बघा, कोकणातली गाडी असेल तर मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ चॅसीला हातोडीने हलकं ठोकून आवाज ऐका. २०१० च्या अखेरच्या पहिल्या गाड्यांची पंधरा वर्षं २०२५ मध्ये भरली. अशी गाडी असेल तर नवा फिटनेस मालकाकडूनच करून मागा आणि मगच भाव बोला.