गाडी उभी, पाणी शिळं: मोटरहोमच्या पाण्याच्या टाकीसोबत अकरा महिने

अकरा महिन्यांपूर्वी ही मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली तेव्हा मी गादी दाबून पाहिली, शेगडी पेटवून पाहिली, मागचा कॅमेरा लावून पाहिला. पाण्याच्या बाबतीत "टाकी केवढी?" एवढंच विचारलं. शंभर लिटरची टाकी, बारा व्होल्टचा पंप, बावीस लिटरचा गीझर, सिंकखाली कार्बनचा फिल्टर. कागदावर सगळं चोख होतं. आज कोणी विचारलं, या गाडीत सर्वांत जास्त वेळ कशापायी गेला, तर उत्तर इंजिन नाही, बॅटरी नाही, पाणी.

तक्रार आधी सांगतो. पहिल्या दोन सहली छान झाल्या. मग गाडी साडेपाच आठवडे जागची हलली नाही. टाकी निम्मी भरलेली होती. म्हटलं असू दे, पुढच्या वेळी तेवढंच कमी भरावं लागेल. तिसऱ्या सहलीच्या पहिल्या सकाळी गार पाण्याचा नळ उघडला. तो दोनदा खोकला आणि मग जे पाणी आलं त्याला न वाळवता बादलीत ठेवून दिलेल्या फडक्याचा वास होता. गरम नळ उघडला तर त्याला सडलेल्या अंड्याचा. त्या दिवशी मला ही एकाच दुखण्याची दोन रूपं वाटली. प्रत्यक्षात ती दोन वेगळी दुखणी होती आणि त्यांचे उपायही वेगळे.

फडक्याचा वास टाकीचा. नळाच्या पाण्यात थोडा क्लोरीन उरलेला असतो, तो टाकीत काही दिवसांत संपतो. टाकीला हवेची नळी असते, म्हणजे ती कधीच पूर्ण बंद नसते. गाडी उन्हात उभी असली की आतलं पाणी कोमट होतं आणि टाकीच्या भिंतींवर, पाइपच्या आतल्या अंगाला एक बुळबुळीत थर धरायला लागतो. बोट फिरवलं तरच कळतो, डोळ्याला दिसत नाही. गाडी चालू असते तेव्हा पाणी येतं, वापरलं जातं, नवं भरलं जातं. नासतं ते गाडी उभी असताना. मला हे कळायला चार महिने लागले.

"आम्ही प्यायचं पाणी वेगळं नेतो, टाकीचं फक्त अंघोळीला," असं बरेच जण म्हणतात. मीही म्हणायचो. पण लेजिओनेला नावाचा जीवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात वाढतो आणि तो पिण्यातून नाही, शॉवरच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. तेव्हा अंघोळीचं पाणी म्हणून सूट नाही.

अंड्याचा वास गीझरचा. माझ्या गीझरची टाकी पोलादी आहे. ती गंजू नये म्हणून तिच्यात मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. टाकीऐवजी गंज त्या दांड्याला खातो, हेच त्याचं काम. साचलेल्या पाण्यात काही जीवाणू सल्फेटवर जगतात, मॅग्नेशियममुळे त्यांचं आणखी फावतं आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. मी पान्याने दांडा बाहेर काढला तेव्हा गंमत वाटली. बोटाएवढा जाड असायला हवा होता तो वाळवी लागलेल्या काठीसारखा झाला होता. मधली लोखंडी तार दोन ठिकाणी उघडी पडलेली आणि बाकीच्या भागावर पांढरट खपल्या. पाऊण भाग गेला की बदलायचा असतो, माझा अजून निम्मा होता, म्हणून घासून परत बसवला. गीझरची टाकी ॲल्युमिनियमची असेल तर बहुधा हा दांडाच नसतो, उगाच शोधत बसू नका.

आता ब्लीच. याबद्दल लोक फार अंदाजपंचे सांगतात, "एक झाकणभर टाका" वगैरे. हिशोब सोपा आहे. पाच टक्क्यांच्या साध्या घरगुती ब्लीचचा एक मिलिलिटर दर लिटरला टाकला की क्लोरीन लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम होतो. ते पाणी किमान चार तास टाकीत आणि सगळ्या पाइपांत राहायला हवं. टाकी शंभर, गीझर बावीस आणि पाइपांतलं थोडं धरून मी १२५ मिलिलिटर घेतो आणि रात्रभर ठेवतो. ब्लीच बिनवासाचं हवं, जेलसारखं दाट केलेलं नको. बाटली जुनी झाली की त्याचा जोर ओसरतो, म्हणून मी बाटलीवर उघडल्याची तारीख लिहितो. आणि ते थेट टाकीत ओतायचं नाही, आधी बादलीभर पाण्यात मिसळायचं.

त्याआधी गीझर बंद करून गार होऊ द्यायचा आणि फिल्टरचा कार्बन काढून ठेवायचा. कार्बन आत राहिला तर तो क्लोरीन शोषून घेतो आणि पुढच्या पाइपला काहीच मिळत नाही. पहिल्या वेळी मी नेमकं हेच केलं होतं. दुपारभर खपलो आणि निर्जंतुक झाला तो फक्त फिल्टरच्या अलीकडचा पाइप. टाकी काठोकाठ भरून गाडी थोडी फिरवून आणतो, पाणी हिंदकळून टाकीच्या छतालाही लागतं. मग एकेक नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा: सिंक गार, सिंक गरम, शॉवर गार, शॉवर गरम, टॉयलेटचा फ्लश. आणि बाहेरचा शॉवर.

बाहेरचा शॉवर मी दोनदा विसरलो. तो मागच्या कप्प्यात असतो, पाय धुवायला कधीतरी लागतो. पाचव्या महिन्यात चिखलाचे पाय धुवायला उघडला तर पाण्याबरोबर काळ्या बुळबुळीत चिंध्या आल्या. आत सगळं लखलखीत आणि या दीड मीटरच्या नळीत महिनोन्‌महिने तेच पाणी कोंडलेलं. बरं, ती नळी मुख्य पाइपलाच जोडलेली आहे. म्हणजे एका कोपऱ्यातली घाण बाकी सगळ्यांना वाटून द्यायची सोय.

सकाळी टाकी रिकामी करायची, साध्या पाण्याने भरायची, सगळे नळ पुन्हा सोडायचे. माझ्या गाडीला दोन भरण्या पुरतात, कधी तीन. नाकावर भरवसा ठेवू नका, चार नळ हुंगल्यावर नाक काहीच सांगत नाही. क्लोरीन मोजायच्या पट्ट्या मिळतात. भरायच्या नळाचं पाणी आणि गाडीच्या नळाचं पाणी दोन्ही पट्ट्यांवर एकाच रंगाचं दिसलं की थांबतो. ब्लीचचं हे पाणी झाडांच्या बुडाशी किंवा ओढ्यात सोडू नये, सांडपाण्याच्या गटारातच जाऊ द्यावं. क्षार काढायला सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर वापरत असाल तर ते वेगळ्या दिवशी, मधे सगळं खळखळून धुऊन. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि गाडीच्या बंद डब्यात तो जिवावर बेतू शकतो.

पंपाबद्दल मी समाधानी आहे, त्याच्या जाळीबद्दल सांगायलाच हवं. पंपाच्या तोंडाशी एक पारदर्शक वाटी असते, अर्धा फेरा दिला की हातात येते. ती पहिल्यांदा उघडली तेव्हा आत पांढरा कीस होता, खवलेल्या खोबऱ्यासारखा. टाकीला भोकं पाडताना निघालेला प्लास्टिकचा भुसा कोणी झाडलाच नव्हता. नवी गाडी हातात देताना पाण्याचे चार थेंब दाखवतात, ही वाटी उघडून दाखवत नाहीत. आता प्रत्येक सहलीनंतर बघतो. चौथ्या वेळेपासून ती स्वच्छ निघते आहे.

सातव्या महिन्यात रात्री पंप अधूनमधून गुरगुरायला लागला. नळ सगळे बंद, तरी वीसेक मिनिटांनी एक सेकंद गुर्र, पुन्हा शांत. याचा अर्थ पाइपातला दाब कुठूनतरी उतरतो आहे. एक तर गळती, नाहीतर पंपाच्या आतला झडपेचा पडदा पाणी मागे सोडतो आहे. मी प्रत्येक जोडाखाली कोरड्या टिश्यूचा तुकडा ठेवून झोपलो. सकाळी टॉयलेटमागच्या कोपऱ्यातला तुकडा रुपयाएवढा ओला. पाव फेरा आवळला, गुरगुर बंद. त्यानंतर एकदा उलटं झालं. पंप चालूच राहिला आणि नळ नुसता हवा थुंकत होता. ती माझीच करणी, जाळीची वाटी बसवताना रबरी कडं वाकडं बसलं होतं. तेव्हापासून खूण लक्षात ठेवली आहे: पंपाच्या आधी फट असेल तर नळ खोकतो, पंपानंतर असेल तर पंप रात्री बोलतो.

फिल्टरबद्दल विकणाऱ्याने सांगितलं होतं, वर्षभर बघायला नको. मला पटत नाही. ओला कार्बन बंद गाडीत आठवडेच्या आठवडे राहिला की तोच जीवाणूंचं पाळणाघर होतो आणि त्याने क्लोरीन काढून घेतल्यामुळे पुढे अडवायलाही कोणी नसतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मी कार्बन सरळ फेकतो. खर्चिक आहे, मान्य.

पाणी भरायचा पांढरा होज पिण्याच्या पाण्यासाठीचा आहे, बागेचा नाही. बागेच्या होजने एकदा भरलं तर चहाला दोन दिवस रबराची चव होती. पण चांगल्या होजचीही मी वाट लावली. आत पाणी तसंच ठेवून गुंडाळला, पुढच्या वेळी हिरवी लाळ बाहेर आली. आता पूर्ण निथळवतो, वाळवतो आणि दोन्ही तोंडं एकमेकांत फिरवून ठेवतो, म्हणजे धूळ नाही, किडा नाही. सांडपाण्याची टाकी धुवायचा होज रंगानेच वेगळा आणि कप्पाही वेगळा.

सगळ्यात निरुपयोगी वस्तू म्हणजे पातळी दाखवणारे दिवे. टाकी कोरडी ठणठणीत असताना दोन तृतीयांश दाखवतात, कारण पातळी ओळखणाऱ्या आतल्या खिळ्यांवर ओलसर क्षारांचा थर बसतो. सायट्रिक ॲसिडने महिनाभर सुधारले, पुन्हा येरे माझ्या मागल्या. मी भरताना होजला छोटा मीटर लावतो आणि आकडा वहीत लिहितो.

दोन सहलींच्या मधे टाकी भरलेली ठेवावी की रिकामी, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं असं ठरलं आहे: आठवड्याच्या आत परत निघायचं असेल तर हात लावत नाही, दोन आठवड्यांच्या वर असेल तर थेंबही ठेवत नाही, मधलं असेल तर उकाडा बघतो. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, ते घरी वाहून आणण्यातही अर्थ नाही. पंप बंद, गीझर बंद आणि गार, मग गरम नळ उघडून दाब सोडायचा, खालचे निचऱ्याचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि शेवटी गीझरचा दांडा काढायचा. गार न करता, दाब न सोडता तो फिरवलात तर उकळतं पाणी अंगावर येईल. माझ्या टाकीचं भोक मागच्या डाव्या कोपऱ्यात आहे, म्हणून पुढचं उजवं चाक फळीवर चढवतो. त्यानंतर जे दोन-तीन लिटर निघतं तेच खरं नासणारं पाणी.

ब्लीच मात्र निघायच्या आधी करतो, परतल्यावर नाही. पाइप कितीही निथळवले तरी आत ओल राहते, आणि परतल्यावर केलेली सफाई पुढच्या सहलीपर्यंत टिकत नाही. गीझरच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावून "रिकामा" असं लिहिलं आहे. विजेवरचा गीझर पाण्याविना चालू केला की कॉइल बघता बघता जळते. एकदा माझं बोट बटणापर्यंत गेलं होतं, म्हणून ती पट्टी.

गोठणारी थंडी असेल तर वेगळा अध्याय. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. मी सगळं काढलं होतं, फक्त शॉवरचा, गार-गरम एकाच दांडीने फिरणारा नळ बंद ठेवला होता. त्याच्या पोटात कपभर पाणी राहिलं आणि नळ उभा चिरला. आता दांडी मधोमध ठेवून उघडा सोडतो आणि दोन बारपेक्षा (बार हे दाबाचं माप) कमी दाबाच्या हवेने पाइप फुंकून घेतो. गोठणरोधक द्रव भरायचा असेल तर पिण्याच्या पाइपांसाठीचा प्रोपिलीन ग्लायकॉलचा, गीझरला बगल देऊन. इंजिनात घालतात तो इथिलीन ग्लायकॉलचा असतो, तो विष आहे.

गुण द्यायचे तर पंपाला पाचपैकी साडेचार, गीझरला चार, टाकीला तीन (हात घालून आत पुसायला तोंडच ठेवलेलं नाही), दिव्यांना शून्य. व्यवस्था वाईट नाही. तिच्यासाठी परतल्यावर एक तास आणि निघायच्या आदल्या दिवशी एक संध्याकाळ राखून ठेवावी लागते, हे विकताना कोणी सांगत नाही.

आत्ता टाकीत ब्लीचचं पाणी आहे, उद्या सकाळी काढायचं. वर बाहेरच्या शॉवरबद्दल लिहिलं आणि शंका आली, म्हणून टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. नव्हता सोडलेला.