उठावाचा भारताचा नकाशा: सह्याद्रीला पैकीच्या पैकी, नर्मदेला नापास

अकोले तालुक्यातल्या शाळेत मी भूगोल शिकवते. वर्गासाठी हा प्लास्टिकचा उठावाचा, म्हणजे डोंगर-दऱ्या हाताला लागतील असा, नकाशा साडेअकराशे रुपयांना मागवला. नकाशाची उंची ८० सेंमी, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण ४० किमी. या प्रमाणात ८,८४९ मीटरचं एव्हरेस्ट जेमतेम सव्वादोन मिलिमीटर भरलं असतं आणि आमचं कळसूबाई बोटाला लागलंच नसतं. म्हणून डोंगरांची उंची दहापट वाढवलीय, आणि तसं कोपऱ्यात स्पष्ट छापलंय. मुलांना हे आधी सांगून ठेवा.

पैसे वसूल होतात ते सह्याद्रीवर. मी मुलांना डोळे मिटून कोकणातून पूर्वेकडे बोट न्यायला लावते. बोट एकदम अडतं, सरळ वर चढतं आणि मग पैठण, नांदेडकडे सावकाश उतरत जातं. एका मुलीने विचारलं, "बाई, डोंगराची पलीकडची बाजू कुठंय?" हाच प्रश्न पडायला हवा! सह्याद्री म्हणजे दख्खनच्या पठाराची तुटलेली कड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा आला, थरावर थर पसरत गेला, त्याचं हे पठार. त्र्यंबकेश्वरची गोदावरी जवळचा अरबी समुद्र सोडून १,४६५ किमी वाहत बंगालच्या उपसागराला का मिळते, ते मग वेगळं सांगावं लागत नाही. आमची प्रवराही त्याच उताराने जाते.

हिमालयही छान उतरलाय. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि मधल्या टेथिस समुद्राच्या तळाचा गाळसुद्धा चुरगळून वर आला. बुटका शिवालिक, मधली रांग, मग बृहद्हिमालय, अशा ओळी हाताला वेगवेगळ्या लागतात. पायथ्याचं गंगेचं मैदान गुळगुळीत ठेवलंय, तेही बरोबर. पर्वताच्या भाराने भूखंड तिथे खाली वाकला आणि तो खोलगट भाग नद्यांनी गाळाने भरून काढला.

तक्रार आहे ती नर्मदेची. विंध्य आणि सातपुडा मिळून साच्यात एकच फुगवटा झालाय, मधली खचदरी, म्हणजे भेगांमधली जमीन खचून झालेली नर्मदेची दरी, गायब! नर्मदा पश्चिमेला का वाहते हे शिकवायला शेवटी फळ्यावर आकृती काढावी लागते. एवढी मोठी गोष्ट सुटायला नको होती. अरवली तर हाताला लागतच नाही. झिजून ठेंगणा झालेला असला तरी देशातल्या सर्वांत जुन्या पर्वतांपैकी तो एक आहे, निदान जाणवायला तरी हवा.

तरीही पाचवी ते आठवीच्या वर्गांसाठी जरूर घ्या. पाचपैकी चार तारे. मात्र टांगायच्या कड्या फक्त वरच्या कोपऱ्यांना आहेत, हात दाबला की नकाशा आत जातो. मागे पातळ प्लायवुड ठोकून घ्या आणि पाचवीतल्या मुलाचा हात काश्मीरपर्यंत पोचेल इतका खाली लावा.